उभ्यानं खाल्लेलं

आमच्या घरी ताटावरून उठलं की जेवण संपलं. पोट भरलेलं असो नसो, आमटी वाफाळत असो, एकदा पाट सोडला की ते ताट उष्टं, आणि उष्ट्या ताटावर परत बसायचं नाही. हा नियम कुणी केला देव जाणे. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "आपल्याकडे असंच असतं." आपल्याकडे म्हणजे कुठे हो? आमचं घराणं झाशीत येऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. नानांनी पुणं आयुष्यात एकदा पाहिलेलं, तेही कुणाच्या तरी मुंजीत. झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत मराठी घर आमचं एकटंच, चारी बाजूंनी हिंदी आणि बुंदेली. आम्ही बहिणीसुद्धा भांडायचो हिंदीत आणि रडायचो मराठीत. त्यामुळेच की काय, जे चिमूटभर मराठीपण शिल्लक होतं ते नानांनी मुठीत आवळून धरलेलं. पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले, तर पहिल्याच सकाळी माझे धाकटे दीर हातात ताटली घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत जेवताहेत! मी तोंडात बोट घातलं. सासरी कुणाला हा नियम सांगितला तर ते हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माझी बहीण कुंदा माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिच्या पायाला भिंगरी होती असं म्हणणं म्हणजे कमीच. आई म्हणायची, "ही पोटातसुद्धा एका जागी बसली नाही, जगात कशी बसेल!" पाटावर बसली तरी तिचा एक गुडघा हलत असायचा, हाताची बोटं ताटाच्या कडेवर ताल धरायची, आणि कान सगळे बाहेर. आमच्या मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे रेल्वेची लाइन होती. इंजिनानं शिट्टी दिली की कुंदा उठलीच. कुठलं इंजिन, किती डबे, मालगाडी की पॅसेंजर, हे बघून आल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडायची नाही. परत येईपर्यंत ताट गेलेलं असायचं दारातल्या गाईला. बरं, झाशीसारखं जंक्शन, गाड्या काय कमी? शिट्टी नसली तर खार असायची, पतंग असायचा, गल्लीतून जाणारा कल्हईवाला असायचा. आमटीभाताचे तीन घास, फार तर चार. मग दिवसभर भूक. शाळेत ती फ्रॉकची कॉलर चावायची, पेन्सिली चावायची, दुपारी घरी आली की लहानसहान गोष्टीवरून असं आकांडतांडव करायची की शेजारपाजारचे डोकावून बघायचे. तिला भूक लागली आहे हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं, आणि खरं सांगते, तिच्या स्वतःच्याही येत नसावं. आम्ही तिला द्वाड म्हणायचो, वानर म्हणायचो, आणि लांबून पाहिलं तर नुसत्या काड्या चालत येताहेत असं वाटायचं म्हणून कधी काडी म्हणायचो. आईनं जंताचं औषध दिलं, माशाचं तेल पाजलं, दर शनिवारी मीठमोहऱ्या उतरवल्या. खाल्लेलं अंगी लागत नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. अगं आई, खाल्लेलं असेल तर लागेल ना!

आता इथे माझा भाग सांगायला हवा, नाहीतर हे सगळं लिहायला बसण्यात अर्थ नाही. आई प्राथमिक शाळेत शिकवायची, सकाळी साडेसहाला बाहेर पडायची ती दुपारी परत यायची. नाना स्टेशनवर पार्सलच्या कचेरीत होते, ते नवाला जेवून निघायचे. मग साडेनवाचं आम्हां दोघींचं जेवण माझ्या ताब्यात. मी पंधरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी, वेणी घट्ट घालणारी, शहाणी म्हणून गल्लीत प्रसिद्ध असलेली मुलगी. नानांचा नियम नाना नसताना मी नानांपेक्षा कडक पाळायचे. कुंदा उठली की मी तिच्याकडे न बघता तिचं ताट उचलायचे आणि दाराबाहेर नेऊन गाईपुढे रिकामं करायचे. ती धावत यायची, म्हणायची, "जिज्जी, बस एक मिनट के लिए गई थी!" मी म्हणायचे, "उठलीस की संपलं." ते म्हणताना मला बरं वाटायचं. का वाटायचं ते विचारू नका, पण वाटायचं हे खरं आहे.

कुंदाला एकच गोष्ट यायची, ती म्हणजे पळणं. पण काय पळायची! शाळेच्या मैदानात तिच्या दुप्पट उंचीच्या मुली मागे राहायच्या. मऊरानीपुरला शाळाशाळांच्या शर्यती झाल्या तिथून ती पहिली येऊन परतली, गळ्यात झेंडूची माळ घालूनच झोपली. पुढची शर्यत लखनौला होती. आयुष्यात पहिल्यांदा शाळेतल्या बाई घरी येऊन कुंदाबद्दल चांगलं बोलून गेल्या, आणि आई त्या गेल्यावर कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत होती. मग डॉक्टरीणबाईंनी सगळ्या मुलींना तपासलं. कुंदाच्या दंडाला त्यांनी दोन बोटांत धरलं, आणि बोटं एकमेकांना टेकली. "इस लड़की को मैं पास नहीं करूँगी," त्या म्हणाल्या. "दो महीने में तीन किलो बढ़ाकर लाओ, तब दस्तखत करूँगी." तीन किलो वाढलं तर लखनौ, नाही वाढलं तर घरी. कुंदाला एवढं स्वच्छ कळलेलं मी कधीच काही पाहिलं नव्हतं.

नाना वाईट नव्हते हो. माझं हे सगळं वाचून कुणाला तसं वाटेल म्हणून सांगते. त्या दिवसापासून दर शनिवारी ते कुंदाला स्टेशनवर न्यायचे, मीही जायचे, आणि पार्सलच्या मोठ्या काट्यावर, जिथे आंब्याच्या करंड्या आणि कापडाचे गठ्ठे चढायचे, तिथे ते स्वतः तिला उभी करायचे. हमाल गोळा व्हायचे. त्यांतला एक म्हातारा दरवेळी विचारायचा, "बाबूजी, बिटिया कहाँ की बुक करें?" आणि कुंदा वरून ओरडायची, "लखनऊ!" काट्यावरही तिला धड उभं राहता यायचं नाही, काटा थरथरत राहायचा, आणि नाना म्हणायचे, "कुंदे, श्वास धर. धर श्वास." ती गाल फुगवून, डोळे मिटून उभी राहायची. अख्ख्या आठवड्यात कुंदा स्तब्ध उभी असायची ती तेवढीच. पहिल्या दोन शनिवारी काटा जागचा हलला नाही. तिसऱ्या शनिवारी अर्धा किलो वाढला. चौथ्याला आणखी अर्धा. पाचव्याला चांगला पाऊण किलो, आणि नानांनी हमालांना चहा पाजला. घरी येताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास विमल. तू बसून भरवतेस म्हणून हे." मी तर तिला काही भरवत नव्हते. ताट गाईपुढे जातच होतं, रोज. मलाही कोडं पडलं होतं की ही वाढते कशानं, पण शाबासकी कुणाला नको असते? घेतली मी ती.

कोडं सुटलं सोमवारी. शाळेला निघताना माझी वही राहिली म्हणून मी परत फिरले, आणि कोपऱ्यावरून पाहिलं. आमच्या घरापासून चौथं दार रामकली चाचींचं. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात फिटर, मूलबाळ नव्हतं, बाई मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या हाताच्या. चाची उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातात गव्हा-हरभऱ्याच्या मिसळ पिठाची जाड रोटी, तिच्यात तूप आणि गूळ भरून केलेली सुरळी. कुंदा पाठीवर दप्तर उडवत गल्लीतून धावत आली, थांबली नाहीच, चाचींनी ती सुरळी रिले शर्यतीतल्या काठीसारखी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लेओ बिन्नू, खात जाओ और भगत जाओ!" कुंदा हसली, पहिला घास तोडला आणि पळत, उड्या मारत, खात नाहीशी झाली. चाचींनी लाडानं बिन्नू, म्हणजे लेकी, म्हणावं तसं आमच्या घरात तिला कुणी हाक मारत नव्हतं. नंतर कळलं, शाळेतून येतानाही असंच. दुपारी सत्तूचा गोळा, कधी उकडलेलं रताळं, कधी नुसता गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. दिवसातून चारदा, मूठ मूठ, उभ्यानं. कुणी शिकवलं होतं त्या बाईला? शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांनी. त्यांनी फक्त मूल बघितलं आणि त्याला झेपेल तसं दिलं.

मला काय व्हायला हवं होतं? आनंद. पण मला मिरच्या झोंबल्या. त्याच दिवशी दुपारी कुंदाचं आणि माझं कशावरून तरी वाजलं, आणि ती म्हणाली, "नानांना सांगेन मी! तू नाही भरवत मला, तू माझं ताट गाय को दे देती है. मला चाची देते!" खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. हिनं सांगितलं तर माझी शाबासकी जाईल, आणि वर खोटेपणाचा शिक्का बसेल. संध्याकाळी नाना आले, त्यांनी चपला काढायच्या आत मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, कुंदा रोज रामकली चाचींच्या दारात उभ्या उभ्या खाते. रस्त्यात. सगळी गल्ली बघते." सगळी गल्ली बघते, हे माझ्या पदरचं. कुठली दुखरी शीर दाबायची ते मला पक्कं माहीत होतं.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी काढलेली टोपी परत घातली आणि चाचींच्या दारी गेले. मी मागोमाग जाऊन दोन दारं अलीकडे थांबले. नाना हात जोडून म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिए. हमारे यहाँ लड़कियाँ दूसरों की देहरी पर खड़े-खड़े नहीं खातीं. कल से मत दीजिए." चाची म्हणाल्या, "काए बाबूजी, मोड़ी भूखी रत है." मोड़ी म्हणजे पोर. नाना म्हणाले, "भूखी रहेगी तो बैठना सीखेगी." चाची पदर पुढे ओढून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वेळेला त्यांचं दार बंद. मी तेव्हा समजले की बाई रागावल्या. आज माझी खात्री आहे की त्यांना समोरून उपाशी जाणारी कुंदा बघवत नव्हती.

कुंदाला कुणी काही सांगितलं नाही. नानांना वाटलं मी सांगेन, आईला तर आमच्या घरात काय घडलं याचाच पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी कुंदानं दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी वाजवलं आणि "चाची, ओ चाची" अशी हाक मारली. तिसऱ्या दिवशी नुसती उभी राहिली. चौथ्या दिवशी दुपारी मी उन्हाच्या कडेला बसून वेणी घालत होते, ती माझ्याजवळ येऊन बसली, चक्क बसली, आणि म्हणाली, "जिज्जी, चाची मेरे से गुस्सा है? मी काय केलं?" त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण नानांचं नाव घेतलं तर माझंही निघालं असतं. मी वेणीत रिबन ओवत म्हणाले, "कुंदे, तुझा सगळ्यांनाच कंटाळा येतो. त्यांनाही आला असेल." तिनं मान हलवली. वाद घातला नाही. कुठल्याही गोष्टीवर वाद घालणारी कुंदा, या गोष्टीवर तिनं वाद घातला नाही, इतकं ते तिला खरं वाटलं.

नंतरचे शनिवार मला आठवायला नको वाटतात. काटा खाली येत गेला. मी घाबरून तिला खरंच भरवायला लागले, शिट्टी झाली की तिचा दंड धरून ठेवायचे, आणि धरून ठेवलं की तिच्या घशाखाली घासच उतरायचा नाही. शेवटच्या शनिवारी काट्यावर ती श्वास धरून इतका वेळ उभी राहिली की तिचे ओठ निळे पडायला लागले, नानांनीच तिला उचलून खाली घेतलं. हवं होतं त्याहून अडीच किलो कमी भरली. डॉक्टरीणबाईंनी सही केली नाही, आणि त्यांनी केली नाही तेच बरोबर होतं. लखनौची गाडी आमच्याच स्टेशनातून सुटली. बाकीच्या मुली खिडक्यांत होत्या. कुंदा नानांबरोबर फलाटावर होती, गाडी हलली तशी ती हात सोडून गाडीबरोबर पळायला लागली, फलाट संपेपर्यंत पळाली, आणि म्हातारा हमाल टाळ्या वाजवत होता. परत येताना ती चालत आली. त्यानंतर ती शर्यतीत कधी उतरली नाही. बाईंनी दोनदा बोलावलं, ती गेली नाही.

आणि मग काय झालं तर कुंदा खायला लागली. चोरून. डब्यातला गूळ, दुधाची पावडर, कच्च्या पिठात साखर कालवून, दाराआड, घाईघाईनं, कुणी ताट काढून घेईल अशा भीतीनं. पंधराव्या वर्षी ती काडीची जाड झाली, आणि आम्ही, निर्लज्ज, तिला भोपळा म्हणायला लागलो. अजूनही ती तशीच खाते. आता झाशीतच प्रेम नगरात असते, साठी उलटून बरीच वर्षं झाली, साखर आहे, गुडघे गेलेत, आणि पाहुणे उठून गेले की ती स्वयंपाकघरात उभी राहून भराभर खाते असं तिची सून मला हसत सांगते. मला ते ऐकवत नाही.

हे सगळं मी झाकून ठेवलं होतं, चांगलं पन्नासएक वर्षं. मग माझी नात मुक्ता, नऊ वर्षांची, तिला शाळेनं डॉक्टरांकडे पाठवलं. एडीएचडी असं नाव त्यांनी सांगितलं. ते माझ्या मुलाला आणि सुनेला एकेक प्रश्न विचारत होते, एका जागी बसते का, जेवताना उठते का, भूक लागलेली तिला कळते का, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर मनातल्या मनात प्रत्येकाचं उत्तर देत होते, फक्त दुसऱ्याच मुलीचं. औषध सुरू करताना डॉक्टर म्हणाले, गोळीनं दिवसभर भूक मरते, तेव्हा सकाळी गोळीच्या आधी भरपूर खाऊ घाला, संध्याकाळी गोळी उतरली की परत द्या. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, हातात धरून खाता येईल असं. बसण्याचा आग्रह धरू नका. दर महिन्याला वजन करा. सगळ्यांच्या देखत मला रडू फुटलं. सुनेला वाटलं मुक्तासाठी.

आता सकाळचं मुक्ताचं खाणं माझ्याकडे असतं. पोळीला तूप-गूळ लावून सुरळी करते आणि तिच्या मागे मागे घरभर फिरते. ती कोलांट्या मारते, मी थांबते, मग घास. परवा वजन केलं तर वाढलेलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही किती छान जमवलंत हो! तुम्हांला हे सुचलं कसं?" आणि मला ती जुनी शाबासकी आठवली. या खेपेला मी ती घेऊ शकले नाही. उठून आतल्या खोलीत गेले आणि झाशीला फोन लावला.

"बोल जिज्जी," कुंदा म्हणाली. "मुक्ता ठीक आहे ना?"

मी म्हणाले, "कुंदे, चाचींनी दार लावलं होतं ते नानांनी सांगितलं म्हणून. आणि नानांना मी सांगितलं होतं."

कुठली चाची, कुठलं दार, तिनं विचारलं नाही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मी भडाभडा सगळं सांगत सुटले, गाय, शाबासकी, गल्ली बघते म्हणाले ते, वेणी घालताना बोलले ते. तिनं मधेच थांबवलं.

"रुक जिज्जी. म्हणजे त्यांना माझा कंटाळा आला नव्हता?"

"नाही गं. अजिबात नाही."

"बाजारात दिसायच्या मला," ती म्हणाली. "कितनी बार. लग्न झाल्यावरसुद्धा. लांबून हाक मारायच्या, बिन्नू, ओ बिन्नू. मी रस्ता बदलायची. मला वाटायचं, आता काय काम आहे यांना माझ्याशी? एक बार भी मुड़के नहीं देखा मैंने. गेल्या तेव्हा त्यांच्या घरचा माणूस सांगायला आला होता, तरी मी गेले नाही."

मी रडत म्हणाले, "कुंदे, मला माफ कर गं."

"तुला करीन, जिज्जी," ती म्हणाली. "तू आहेस अजून. चाचींना आता मी काय सांगू?"